गिऱ्हाईक "टाकतो की" म्हणतं, रिव्ह्यू मात्र येत नाही: गळती कुठं आहे ते शोधा

तक्रार ठरलेली असते. कोल्हापुरात महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान असो, राजारामपुरीतलं कपड्यांचं शोरूम असो की उद्यमनगरातलं गॅरेज, गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडतं. "गुगलवर रिव्ह्यू टाका" म्हटलं की "टाकतो की, त्यात काय" म्हणतं, आणि पुढं काहीच घडत नाही. मालक आठवडाभर जोर लावतो तेव्हा चार रिव्ह्यू येतात. जोर ओसरला की पुन्हा शुकशुकाट. मग कुणी रिव्ह्यूच्या बदल्यात सोलकढी फुकट देतं, कुणी सरळ पैसे मोजून रिव्ह्यू विकत घेतं, आणि होतं ते दुखणं परवडलं असं म्हणायची वेळ येते.

गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. त्याच्या "हो" पासून "पोस्ट करा" या बटणापर्यंत पाच-सहा पायऱ्या आहेत आणि त्यातली एखादी तुटलेली असते. कुठली ते कळल्याशिवाय नवं कार्ड छापणं, नवा मेसेज लिहिणं, पोरांना ओरडणं, सगळं वाया.

आधी दोन आठवडे वही घाला

गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि पानावर चार रकाने पाडा: विचारलं, लिंक उघडली, "टाकला" म्हणाले, गुगलवर दिसला. गिऱ्हाइकाचं नाव लिहायची गरज नाही, नुसत्या रेघा मारायच्या. चौथा रकाना रात्री गल्ला मोजताना भरायचा.

दोन आठवड्यांनी कुठल्या दोन रकान्यांत आकडा एकदम पडतो ते बघा. पहिलाच रकाना रिकामा असेल तर कुणी विचारतच नाही. विचारलं चाळीस जणांना आणि लिंक उघडली सहा जणांनी, तर घोळ लिंकमध्ये, क्यूआरमध्ये नाहीतर विचारण्याच्या वेळेत आहे. उघडली तीस जणांनी आणि टाकला पाच जणांनी, तर लोक त्या पानावर जाऊन अडकतायत. टाकला वीस जणांनी आणि दिसतायत अकरा, तर गुगलची चाळणी नऊ रिव्ह्यू अडवतेय. चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला रकानाच रिकामा: विचारायचं कुणी, कधी

मालक गल्ल्यावर असला की विचारतो. मालक जेवायला गेला की विचारणं बंद. काउंटरवरच्या पोराला लाज वाटते, कारण त्याला वाटतं आपण काहीतरी मागतोय. त्याला एक ठरलेलं वाक्य द्या आणि ते पाठ करून घ्या. "काकी, आमच्याकडं कसं वाटलं ते गुगलवर दोन ओळी टाका की. बरं-वाईट दोन्ही चालतंय." एवढं पुरे. "पाच स्टार द्या" म्हणायचं नाही, "आवडलं असेल तरच टाका" असंही म्हणायचं नाही. फक्त खूश गिऱ्हाइकांना निवडून विचारणं आणि नाराज दिसलेल्याला गुपचूप सोडून देणं गुगलच्या नियमात बसत नाही. सगळ्यांना एकच वाक्य हा पोराच्या दृष्टीनंही सोपा मार्ग. त्याला चेहरे वाचत बसावं लागत नाही.

वेळ मात्र धंद्याप्रमाणं बदलते, आणि इथं बरेच जण चुकतात.

चपलांचंच घ्या. हातानं केलेली कोल्हापुरी नवी असताना कडक असते. पहिले काही दिवस अंगठ्यापाशी, पट्ट्यापाशी चावते, मग कातडं पायाचा आकार घेतं. दुकानदार हौसेनं तिसऱ्या दिवशी मेसेज पाठवतो, "चप्पल कशी वाटली?" आणि नेमकं तेव्हा गिऱ्हाईक पायाला पट्टी लावून बसलेलं असतं. दोन स्टार. माल तोच, कारागीर तोच, दिवस चुकला. म्हणून एकतर दुकानातच विचारा, तेव्हा लोक वागणूक, भाव, निवड यांबद्दल लिहितील. नाहीतर पंधरा दिवसांनी विचारा, तेव्हा लोक चपलेबद्दल लिहितील. मधल्या काळात विचारू नका. पुडक्यात एक चिठ्ठी घाला: सुरुवातीला रोज थोडा वेळच घाला, चावेल तिथं आतून खोबरेल किंवा एरंडेल लावा, पावसात भिजवू नका. या चिठ्ठीनं जेवढे वाईट रिव्ह्यू टळतात, तेवढे कुठल्याही गोड उत्तरानं टळत नाहीत.

गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, अडचण वेगळी आहे. साज घेतला, ठुशी घेतली, गिऱ्हाईक समाधानी आहे, पण आपण सोनं घेतलं हे गावभर कशाला सांगायचं? त्यात रिव्ह्यूवर बहुधा स्वतःच्या अकाउंटचं नाव दिसतं. ही भीती रास्त आहे, तिला हसू नका. "काय घेतलं, कितीचं घेतलं ते लिहू नका वहिनी, फोटोही नको. वागणूक कशी होती, घडणावळ नीट समजावून सांगितली का, एवढंच लिहा," असं आपणहून सांगितलं की निम्मी माणसं मोकळी होतात.

मिसळ किंवा तांबडा-पांढरा रस्सा खायला आलेल्याचा नंबर तुमच्याकडं नसतो. त्यामुळं त्याला गाठायची वेळ एकच: बिल आणि बडीशेप टेबलावर येतात तेव्हा. हात धुवायच्या आधी विचारलंत तर रश्श्याच्या हातानं फोन कोण धरणार? गॅरेजवाल्यानं उलट गाडी ताब्यात देताना विचारू नये. गिऱ्हाइकाला अजून खात्री नसते की आवाज खरंच गेला का. तीन-चार दिवस गाडी पळाली की विचारा. त्या निमित्तानं गाडीची चौकशीही होते.

अंबाबाईच्या दर्शनाला आलेली पाव्हणी मंडळी हा कोल्हापुरातला खास प्रकार. बाहेरगावचं माणूस जेवायला, खरेदीला कुठं जायचं ते रिव्ह्यू बघूनच ठरवतं, म्हणजे ह्याच लोकांचे रिव्ह्यू पुढच्या पाव्हण्याला उपयोगी पडतात. पण त्यांच्या हातात वेळ नसतो, आणि नवरात्रात देवळाच्या आसपास गर्दी इतकी की नेटही रडतं. तिथं उभ्या उभ्या पोस्ट करायला लावू नका. पिशवीत कार्ड टाका आणि सांगा, "गाडीत बसल्यावर निवांत टाका." परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरच्या माणसाला दुसरं काम नसतं.

वकिलांनी या फंदात पडू नये. बार कौन्सिलच्या नियमांत कामासाठी जाहिरात आणि मागणी दोन्हींना मनाई आहे. डॉक्टरांनाही २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेची बंधनं आहेत, त्यामुळं दवाखान्यात क्यूआर लावण्याआधी ती वाचून घ्यावीत.

विचारलं, पण लिंक उघडत नाही

सर्वांत जास्त गळती इथं होते, आणि ती मालकाला दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या फोनवर सगळं चालतं.

चुकीची लिंक हे पहिलं कारण. बरेच जण गुगलवर आपलं दुकान शोधतात आणि वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून पाठवतात. ती शोधाची लिंक असते. काहीजण मॅप्सवरचं "शेअर" दाबतात. त्यानं दुकानाचं पान उघडतं, पण रिव्ह्यूची पेटी शोधायला गिऱ्हाइकाला खाली-खाली सरकावं लागतं. बरोबर लिंक एकच. ज्या अकाउंटवर दुकानाची नोंद आहे त्यानं लॉगिन करा, गुगलवर दुकानाचं नाव शोधा, वर तुमच्या प्रोफाइलची, म्हणजे गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीची, बटणं दिसतील. त्यात रिव्ह्यू मागण्याचं बटण आहे. बटणावरचे शब्द अधूनमधून बदलतात, जागा बहुधा तीच राहते. तिथं छोटी लिंक मिळते आणि तिचा क्यूआरही तिथंच तयार मिळतो.

ही लिंक स्वतःच्या फोनवर तपासू नका. शेजारच्या दुकानदाराच्या फोनवर उघडा. पाच रिकामे स्टार थेट समोर आले तर लिंक बरोबर. नकाशा आला, शोधाची यादी आली, अ‍ॅप डाउनलोड करा म्हणाला, तर लिंक चूक.

क्यूआरची गंमत आणखी वेगळी. आपल्याकडं क्यूआर म्हटलं की पैसे. गिऱ्हाईक सवयीनं पेमेंटचं अ‍ॅप उघडतं, रिव्ह्यूच्या कोडवर धरतं, अ‍ॅप म्हणतं हा पेमेंटचा कोड नाही, आणि माणूस फोन खिशात घालतो. त्याहून सावध माणसाला वाटतं, क्यूआर स्कॅन करून खात्यातले पैसे जातात असं ऐकलंय, नकोच. म्हणून रिव्ह्यूचा कोड पेमेंटच्या स्टँडशेजारी ठेवू नका, किमान दोन हात लांब ठेवा आणि रंगही वेगळा घ्या. कोडच्या वर मोठ्या अक्षरात लिहा: "गुगलवर अभिप्राय. कॅमेऱ्यानं स्कॅन करा. पैसे जात नाहीत." या शेवटच्या तीन शब्दांना छापखान्यात कात्री लागू देऊ नका, डिझाइनवाल्याला ते गावठी वाटले तरी.

छपाईचं माप: टेबलावरच्या कार्डावर कोडची बाजू ४ सेंटीमीटर, भिंतीवर लावायचा असेल तर माणूस जितक्या अंतरावर उभा राहणार त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा तर २० सेंटीमीटर. कोडच्या चारही बाजूंना कोरी पांढरी जागा सोडा, कोडातल्या चार बारीक चौकोनांएवढी तरी. डिझाइनवाले तिथं नेमकी वेलबुट्टी घालतात. पांढऱ्यावर काळा कोड ठेवा, भगव्यावर सोनेरी दिसायला झकास, पण कॅमेऱ्याला वाचता येत नाही. लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची रेघ पडते आणि कोडचा मधला भाग पांढरा होतो.

खानावळीत आणखी एक शत्रू आहे, तर्री. क्यूआरमध्ये डाग सोसायची ताकद चार पातळ्यांची असते. सर्वांत कमी पातळीत साधारण ७ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, सर्वांत वरच्या पातळीत साधारण ३० टक्के. कोड स्वतः तयार करत असाल तर वरची पातळी निवडा. तरीही तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन खराब झाले की कोड गेलाच समजा. टेबल पुसणाऱ्या पोराला सांगा, कार्डही रोज पुसायचं.

आणि एक फसवणूक. क्यूआर बनवून देणाऱ्या बऱ्याच फुकट वेबसाइटी कोडमध्ये तुमची लिंक घालत नाहीत, स्वतःची घालतात, आणि तिथून गिऱ्हाइकाला पुढं ढकलतात. फुकटची मुदत संपली की कोड बंद, पाचशे कार्डं रद्दी. छापण्याआधी कोड स्कॅन करून वर येणारा पत्ता वाचा. तो गुगलचा नसून भलत्याच वेबसाइटचा असेल तर तो कोड छापू नका. गुगलच्या प्रोफाइलमधून उतरवलेल्या कोडला ही भानगड नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे जणांना पाठवला, तिघांनी टाकला

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण मेसेज पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांना. दुकानाचा नंबर किती गिऱ्हाइकांनी सेव्ह केलेला असतो, याचा अंदाज करा आणि दोनशेचा आकडा विसरा. शिवाय अनोळखी नंबरवरून आलेली लिंक बऱ्याचदा दाबताच येत नाही. समोरच्यानं उत्तर दिलं किंवा नंबर सेव्ह केला की मगच ती निळी होते.

तोड साधी आहे: पहिला मेसेज गिऱ्हाइकाकडून येऊ द्या. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर हवं असेल तर "ह्या नंबरवर नुसतं नाव पाठवा" म्हणा. त्यांचा मेसेज आला की बिल पाठवा, आणि त्याच वेळी विचारा, "अभिप्रायाची लिंक पाठवली तर चालेल का?" विचारणं नुसतं शिष्टाचारापुरतं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचा रोखही हाच आहे की नंबर ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा.

मेसेज एकेकाला पाठवा. रोज हातानं लिहावा लागू नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये क्विक रिप्लाय, म्हणजे तयार मेसेज, साठवून ठेवता येतो. तिरकी रेघ टाइप केली की यादी उघडते. मजकूर असा ठेवता येईल:

"नमस्कार ताई. पंधरा दिवसांपूर्वी आपण आमच्याकडून चप्पल नेलीत, आता पायात बसली असेल. कशी वाटली ते गुगलवर दोन ओळी लिहाल का? बरं-वाईट जे असेल ते. काही त्रास असेल तर इथंच कळवा, दुरुस्त करून देतो."

खाली लिंक, बस्स. आठवण एकदाच करायची, आठवड्यानं. तिसरा मेसेज गेला की लोक ब्लॉक करतात, आणि फार जणांनी ब्लॉक केलं की व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरच बंधन घालू शकतं. बिलाचा नंबरही तोच असेल तर धंद्याची पंचाईत.

लिंक उघडली, स्टार दाबले, पण पोस्ट झाला नाही

इथं गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून एकदा बघायला हवं, त्याच्या परवानगीनं. स्टार दाबले की बऱ्याच जणांना वाटतं काम झालं. खालचं "पोस्ट करा" बटण कीबोर्डच्या मागं लपलेलं असतं. पोराला वाक्यात जोड द्यायला सांगा: "स्टार दिल्यावर खाली निळं बटण दाबा."

आयफोनवर लिंक बऱ्याचदा ब्राउझरमध्ये उघडते आणि गुगलचं लॉगिन मागते. पासवर्ड कुणाला पाठ असतो? अशा माणसाला ताटकळत ठेवू नका. त्याच्या फोनवर गुगल मॅप्स किंवा जीमेल असेल तर त्या अ‍ॅपमध्ये तो आधीच लॉगिन असतो. मॅप्समध्ये दुकानाचं नाव शोधून तिथून टाकायला सांगा. अकाउंटच नसेल तर विषय सोडून द्या. दुकानात बसवून नवं अकाउंट काढून देणं आणि त्यावरून लगेच रिव्ह्यू टाकून घेणं, हा रिव्ह्यू चाळणीत अडकण्याचा हमखास रस्ता.

"काय लिहू?" हा तिसरा अडसर. मराठी टाइप करायला जमत नाही, इंग्रजी लिहायचा संकोच. दोन गोष्टी सांगा. नुसते स्टार दिले तरी रिव्ह्यू पोस्ट होतो, मजकूर सक्तीचा नाही. आणि जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडलेली असेल तर माइकचं चिन्ह दाबून बोललं की अक्षरं उमटतात. "लई भारी, एक नंबर" असं बोललेलंही नीट उतरतं. रोमन अक्षरांत लिहिलेली मराठीही चालते. भाषा शुद्ध करायच्या भरीला पडू नका. बाहेरगावच्या वाचणाऱ्याला कोल्हापुरी बोलीतला रिव्ह्यूच खरा वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

मजकूर तयार करून देऊ मात्र नका. "हे कॉपी करा आणि टाका" म्हणून दिलेलं वाक्य वीस जणांनी तसंच टाकलं की वाचणाऱ्यालाही कळतं आणि गुगललाही. त्याऐवजी एक प्रश्न द्या: काय घेतलंत, कोणी दाखवलं, बसलं का? प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

टाकला म्हणतात, पण दिसत नाही

आधी गिऱ्हाइकालाच बघायला सांगा. मॅप्समध्ये "योगदान" मध्ये त्याचे स्वतःचे रिव्ह्यू दिसतात. तिथं नसेल तर पोस्टच झालेला नाही. तिथं आहे आणि तुम्हाला दिसत नाही, तर अडकलाय किंवा काढला गेलाय. लिहिणाऱ्याला स्वतःचा रिव्ह्यू दिसत राहतो, इतरांना दिसत नाही, त्यामुळं दोघंही एकमेकांना खोटं समजतात.

तपासणीला वेळ लागतो, काही दिवस थांबा. तरी नाही आला तर मजकूर बघा. त्यात फोन नंबर किंवा वेबसाइटची लिंक आहे का? गिऱ्हाईक भलेपणानं "ऑर्डरसाठी या नंबरवर फोन करा" असं लिहितं आणि तेवढ्यानं रिव्ह्यू जाहिरात ठरू शकतो. तो भाग काढून दुरुस्त करायला सांगा.

मग लिहिणारा कोण ते बघा. मालक, भागीदार, कामगार, काम सोडून गेलेला कामगार यांचे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत. चुलत भावानं, मेहुण्यानं घरबसल्या टाकलेलेही त्याच वर्गात धरा. एकाच फोनवर चार अकाउंट काढून टाकलेले तर सरळ फसवणुकीत जातात. दुकानाचा टॅब काउंटरवर ठेवून "ह्यावरच टाका" म्हणणंही म्हणून टाळा. गिऱ्हाइकाचा फोन, गिऱ्हाइकाचं अकाउंट, हवं तर गिऱ्हाइकाचंच नेट. दिवाळीच्या आठवड्यात एकदम साठ आणि पुढं चार महिने शून्य, असा आलेखही शंका निर्माण करतो. रोज दोघा-चौघांना विचारणं म्हणून बरं.

सगळं नीट असूनही रिव्ह्यू दिसत नसेल तर दुकानाची दुसरी नोंद तर नाही ना, ते शोधा. दुकानाचं नाव मराठीत, इंग्रजीत, जुन्या स्पेलिंगनं, जुन्या पत्त्यानं आणि फोन नंबरनं मॅप्सवर शोधा. लक्ष्मीपुरीतून शाहूपुरीत हललेल्या दुकानाची लक्ष्मीपुरीतली पिन तशीच राहते आणि जुनं गिऱ्हाईक तिथं रिव्ह्यू टाकत राहतं. जागा बदलली तर आहे त्याच नोंदीत पत्ता बदलायचा, नवी नोंद काढायची नाही. दोन झाल्याच असतील तर दोन्ही ताब्यात घेऊन गुगलच्या मदत केंद्राकडून एकत्र करून घ्या. आणि नोंदीतलं नाव पाटीवर आहे तेच ठेवा. नावापुढं "कोल्हापुरातील सर्वोत्तम होलसेल चप्पल" असली शेपूट जोडली की नोंदच निलंबित होण्याची पाळी येते.

सोलकढी, सूट आणि विकतचे रिव्ह्यू

रिव्ह्यू दाखवा आणि दहा टक्के सूट घ्या, ही पाटी उतरवा. पैसे, सूट, फुकट वस्तू यांच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं गुगलला चालत नाही. वाईट रिव्ह्यू काढण्यासाठी किंवा बदलण्यासाठी काही देणंही चालत नाही. पकडलं तर रिव्ह्यू काढले जातात, काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद केलं जातं, आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना प्रोफाइलवर सगळ्यांना दिसू शकते. सोलकढीची किंमत तेवढी नाही. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं आहे. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेला रिव्ह्यू त्यातही बसत नाही.

"महिन्याला पन्नास रिव्ह्यू, गॅरंटी" म्हणून फोन येतात. असे रिव्ह्यू ओळखायला अवघड नसतात. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. एकाच आठवड्यात दुसऱ्या राज्यातला दाताचा दवाखाना, तिसऱ्या राज्यातला पॅकर्स-मूव्हर्स आणि मध्येच तुमची मिसळ. हे तुमच्या शेजाऱ्यालाही दिसतं आणि तो तक्रार करू शकतो.

वाईट रिव्ह्यू आला

लगेच उत्तर लिहायला बसू नका. एक रात्र जाऊ द्या, पण दोन दिवसांच्या आत लिहा. कोल्हापुरी ठसका उत्तरात आला की तो स्क्रीनशॉट होऊन फिरतो, रिव्ह्यू राहतो बाजूला. गिऱ्हाइकाचा फोन नंबर, बिलाची रक्कम, घेतलेली वस्तू किंवा आजार उत्तरात लिहायचा नाही. मुद्दा खरा असेल तर मान्य करायचा, काय बदललं ते एका ओळीत सांगायचं. "रविवारी दुपारी पांढरा रस्सा संपला होता, हे खरं आहे. आता दुसरं भांडं एक वाजता लावतो. परत या." हे उत्तर रागावलेल्या माणसासाठी जेवढं, त्याहून जास्त पुढच्या रविवारी यायचं ठरवणाऱ्यासाठी असतं.

नुसतं पटलं नाही म्हणून तक्रार करून रिव्ह्यू निघत नाही. शिवीगाळ, दुसऱ्याच दुकानाबद्दलचा मजकूर, प्रतिस्पर्ध्यानं टाकलेला, जाहिरातीचा, असा नियमभंग असेल तरच रिपोर्ट करा. निकाल विरुद्ध गेला तर एकदा अपील करता येतं. चुकीच्या दुकानावर पडलेला रिव्ह्यू असेल तर आधी उत्तरात नम्रपणे विचारा, बऱ्याचदा माणूस स्वतःच काढतो.

प्रोफाइलच हातात नाही

वरचं सगळं करायला निघाल्यावर कळतं की नोंद तीन वर्षांपूर्वी एका मार्केटिंगवाल्या पोरानं स्वतःच्या जीमेलवर काढली होती, तो आता पुण्यात आहे आणि फोन उचलत नाही. लिंक, क्यूआर, उत्तरं, काहीच शक्य नाही. मॅप्सवर दुकानाच्या नोंदीवर मालकीचा दावा करायचा पर्याय आहे, तिथून ताबा मागा. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला काही दिवसांची मुदत मिळते. त्यानं नकार दिला किंवा मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर पुढं काय करायचं ते गुगल तिथंच दाखवतं. बहुधा दुकानाची पाटी, रस्ता आणि आतला भाग दाखवणारा व्हिडिओ मागतात, तो सलग एकाच दमात काढायचा असतो. पाटी, शटर उघडणं, गल्ला, बिलबुक हे सगळं त्यात दिसू द्या.

ताबा मिळाला की दुकानाच्या नावानं वेगळं जीमेल काढा आणि प्राथमिक मालक तेच ठेवा. घरातल्या आणखी एकाला मालक म्हणून जोडा, काउंटरवरच्या पोराला फक्त व्यवस्थापक. जीमेलचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला फोन नंबर घरच्या डायरीत लिहून ठेवा. ते सिम रिचार्जअभावी बंद पडलं तर लॉगिनचा ओटीपी कुठं जाणार, ते आधीच ठरवून ठेवा.